बंदीच्या आदेशाविना अडवलेला चित्रपट : 'सॉल्ट ऑफ द अर्थ'चं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

१९५३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, हॉलिवूडच्या काळ्या यादीत टाकलेल्या काही चित्रपटकारांनी जस्ताच्या खाणीतल्या मेक्सिकन-अमेरिकन कामगारांना सोबत घेऊन एक चित्रपट काढला. नाव 'सॉल्ट ऑफ द अर्थ'. त्यावर कोणत्याही न्यायालयाने बंदी घातली नाही, कोणत्याही कायद्याने तो बेकायदा ठरला नाही. तरीही १९५४ मध्ये तो तयार होऊन बाहेर पडला तेव्हा अख्ख्या अमेरिकेत जेमतेम डझनभर थिएटरांत लागला आणि मग गायब झाला. पुढे त्याच देशाच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश केला.

बंदीचा कागद नसताना बंदी कशी राबते, आणि तिला तोंड देणाऱ्यांनी कोणत्या टप्प्यावर काय ठरवलं, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं. माझं मत आधीच सांगतो. चित्रपट बनवण्याची लढाई ही माणसं जिंकली, कारण त्यांनी कामगारांना निर्णयाचा खरा हक्क दिला. तो लोकांना दाखवण्याची लढाई ती हरली, कारण त्या लढाईची तयारी फार उशिरा सुरू झाली.

पार्श्वभूमी : यादी कशी चालायची

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणाऱ्या समितीने हॉलिवूडच्या मंडळींना साक्षीला बोलावलं. प्रश्न ठरलेला होता: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात का, किंवा कधी होता का? दहा जणांनी उत्तर देण्यास नकार दिला. विचार आणि संघटनेचं स्वातंत्र्य संविधानाने दिलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा समितीला अधिकारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २४ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओप्रमुखांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलातून निवेदन काढलं की या दहांना कामावर ठेवणार नाही. काळी यादी खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

दिग्दर्शक हर्बर्ट बायबरमन त्या दहांपैकी एक. १९५० मध्ये त्याने टेक्सासमधल्या टेक्सारकाना इथल्या तुरुंगात शिक्षा भोगली. त्याची बायको गेल सॉन्डरगार्ड ही ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री; तिचंही काम बंद झालं. १९५१ मध्ये चौकशीची दुसरी, जास्त व्यापक फेरी आली. त्यात पटकथाकार पॉल जारिको साक्षीला गेला, त्यानेही उत्तर नाकारलं, आणि हॉवर्ड ह्यूजच्या आरकेओ स्टुडिओने त्याला काढून टाकलं. इतकंच नव्हे, ज्या चित्रपटावर त्याने काम केलं होतं त्याच्या श्रेयनामावलीतून त्याचं नावही उडवलं. मायकल विल्सनची गत आणखी चमत्कारिक होती. सप्टेंबर १९५१ मध्ये त्याने समितीपुढे बोलायला नकार दिला, आणि काही महिन्यांतच आधी लिहिलेल्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. हातात पुरस्कार होता, पण काम द्यायला कोणी तयार नव्हतं.

ही माणसं खरोखर कम्युनिस्ट होती का? बायबरमन आणि जारिको होते. हे लपवून त्यांची बाजू घेण्यात मला अर्थ वाटत नाही. पक्षाचं सदस्यत्व हा गुन्हा नव्हता, आणि त्यांच्यावर हेरगिरीचा किंवा घातपाताचा आरोपही कोणी ठेवला नव्हता. ज्या गोष्टीबद्दल खटला भरता येत नव्हता, तिच्याबद्दल त्यांची भाकरी काढून घेतली गेली. प्रश्न तिथे आहे.

यादीतून सुटण्याची वाट होती. समितीपुढे जायचं, पश्चात्ताप व्यक्त करायचा आणि इतरांची नावं घ्यायची. दहांपैकीच एक दिग्दर्शक, एडवर्ड दिमित्रिक, १९५१ मध्ये त्या वाटेने गेला. त्याने घेतलेल्या नावांत बायबरमनचं नाव होतं.

समोरचे पर्याय

नावं घेणं बायबरमन, जारिको आणि विल्सन यांना मान्य नव्हतं. दुसरा मार्ग टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने पटकथा विकण्याचा. अनेकांनी तो धरला आणि त्यावर घर चालवलं. विल्सननेही पुढे तसं काम केलं. पण त्यात मोबदला फार कमी मिळायचा, आणि दिग्दर्शकाला किंवा नटाला तो मार्ग उपलब्धच नव्हता. लेखक पडद्याआड राहू शकतो. सेटवर उभं राहणाऱ्याला ते जमत नाही. तिसरा मार्ग देश सोडण्याचा. मेक्सिको, इंग्लंड, फ्रान्स इथे बरेच जण गेले.

चौथा मार्ग म्हणजे स्वतःची कंपनी काढायची. थिएटरमालक सायमन लाझारस, बायबरमन, जारिको आणि दहांपैकीच एक असलेला निर्माता एड्रियन स्कॉट यांनी १९५१ मध्ये इंडिपेंडंट प्रॉडक्शन्स कॉर्पोरेशन उभी केली. कल्पना अशी होती की कामाविना बसलेल्या इतक्या गुणी लोकांना एकत्र आणलं, तर ते स्टुडिओंनी कधीच न काढलेले विषय हाताळू शकतील. जारिको पुढे सांगायचा की शिक्षा तर आधीच झालेली आहे, आता तिला साजेसा गुन्हा तरी करू.

इथे एक गोष्ट त्यांनी नीट तपासली नाही असं मला वाटतं. स्टुडिओशिवाय चित्रपट काढता येतो, हा त्यांचा हिशोब बरोबर होता. पण रासायनिक प्रक्रिया करणारी प्रयोगशाळा, ध्वनिमिश्रण, वादक, प्रिंट, प्रोजेक्टर चालवणारा माणूस हे सगळं त्याच उद्योगाच्या हातात होतं. त्यातल्या तंत्रज्ञांची मोठी संघटना आयाट्सी ही रॉय ब्रूअर या कडव्या कम्युनिस्टविरोधी नेत्याच्या प्रभावाखाली होती. लाझारसने त्याच्याकडे रीतसर संघटनेचे तंत्रज्ञ मागितले. ब्रूअरने नकार दिला आणि हा चित्रपट होऊ नये म्हणून जे करता येईल ते करणार असल्याचंही सांगितलं. धोक्याची इतकी स्पष्ट सूचना मिळूनही प्रदर्शनाची वेगळी योजना त्या वेळी आखली गेली नाही.

विषय मिळाला तो संपातून

न्यू मेक्सिकोच्या ग्रँट काउंटीत हॅनोव्हर गावी एम्पायर झिंक कंपनीची खाण होती. ऑक्टोबर १९५० मध्ये तिथल्या कामगारांनी संप पुकारला. संघटना होती माइन-मिल कामगार संघटनेची शाखा क्रमांक ८९०. ही राष्ट्रीय संघटना कम्युनिस्ट नेतृत्वाच्या आरोपावरून सीआयओ या महासंघातून त्याच वर्षी हाकलली गेली होती. म्हणजे ज्यांना हॉलिवूडने बाहेर काढलं आणि ज्यांना कामगार चळवळीने बाहेर काढलं, ते या चित्रपटात एकत्र आले.

मागण्या वेतनाच्या आणि कामाच्या अटींच्या होत्या, पण मुळाशी भेदभाव होता. कंपनीच्या वसाहतीत गोऱ्या कुटुंबांच्या घरांना नळाचं गरम पाणी आणि घरातला संडास, मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना नाही. बायका म्हणत होत्या की पाण्याची मागणी यादीत घाला. पुरुषांना ती दुय्यम वाटायची. लाकडं फोडून पाणी तापवणं हे त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

जून १९५१ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम काढला: संपावरच्या कामगारांनी संप फोडणाऱ्यांना अडवण्यासाठी खाणीच्या रस्त्यावर पहारा धरायचा नाही. हुकूम मानला तर संप मोडणार, मोडला तर तुरुंग. तेव्हा बायकांनी सुचवलं की हुकूम कामगारांवर आहे, आमच्यावर नाही. आम्ही उभ्या राहतो. संघटनेच्या सभेत बायकांना मताधिकार नव्हता, म्हणून ती सभा गावाची सभा म्हणून भरवली गेली, सगळ्यांनी मतं दिली आणि ठराव मंजूर झाला. त्यानंतर अश्रुधूर झाला, गाड्या अंगावर घातल्या गेल्या, एका दिवशी पन्नासहून अधिक बायकांना पोराबाळांसकट कोठडीत टाकलं. त्या हटल्या नाहीत. घरी पुरुष कपडे धुऊ लागले, मुलांना जेवू घालू लागले, आणि गरम पाण्याची मागणी दुय्यम का नव्हती हे त्यांना हाताला फोड आल्यावर समजलं. मुंबईच्या गिरणी संपात ज्यांनी आईला किंवा आजीला घर ओढताना पाहिलं, त्यांना यातलं बरंच काही समजावून सांगावं लागणार नाही. जानेवारी १९५२ मध्ये, पंधरा महिन्यांनी, तडजोड होऊन संप मिटला.

त्याआधीच्या उन्हाळ्यात जारिको कुटुंब न्यू मेक्सिकोत सुट्टीला गेलं असताना संघटनेचा पूर्णवेळ प्रतिनिधी क्लिंटन जेंक्स आणि त्याची बायको व्हर्जिनिया यांच्याशी त्यांची गाठ पडली. जारिको पहारा पाहून आला आणि त्याने सहकाऱ्यांना सांगितलं की गोष्ट सापडली.

पहिला मोठा निर्णय : पटकथेवर हक्क कोणाचा

विल्सन ग्रँट काउंटीत जाऊन राहिला, लोकांशी बोलला, परत येऊन त्याने कथेचा आराखडा लिहिला. मग तो आराखडा घेऊन तो पुन्हा तिथे गेला आणि कामगार कुटुंबांना वाचून दाखवला. लोकांनी ऐकलं आणि हरकती घेतल्या.

नायक रामोनचं दुसऱ्या बाईशी प्रकरण दाखवलं होतं. ते काढा, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या पगारातून तो दारूची बाटली विकत घेतो, असा प्रसंग होता, तोही काढा. मेक्सिकन पुरुष म्हणजे बाईलवेडा आणि दारुडा, हेच हॉलिवूड वर्षानुवर्षं दाखवत आलंय, आणि तुम्हीही तेच करताय, असा त्या हरकतींचा रोख होता. प्रसंग काढले गेले. पुढे संघटना, महिला मंडळ आणि चित्रपटकार यांची संयुक्त समिती नेमली गेली आणि पटकथेपासून निर्मितीपर्यंतच्या धोरणात तिचा शब्द चालेल असं ठरलं.

एका कसलेल्या पटकथाकाराने आपली पानं सभेपुढे ठेवावीत आणि सभेने ती खोडावीत, यावर अनेक लेखकांचा आक्षेप असेल. पात्राचे दोष काढून टाकले की पात्र गुळगुळीत होतं, ही भीती खरी आहे, आणि चित्रपटात काही ठिकाणी तो गुळगुळीतपणा जाणवतोही. पण रामोनचा मुख्य दोष सभेने काढायला लावला नाही. बायकोचं पहाऱ्यावर जाणं त्याला सहन होत नाही, तो तिच्यावर हात उगारतो, हे सगळं राहिलं. कामगारांनी स्वतःवरची टीका पुसली नाही, फक्त दुसऱ्यांनी चिकटवलेला कलंक पुसला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

या निर्णयाचा व्यवहारातला फायदा पुढे दिसला. चित्रपटावर हल्ला झाला तेव्हा गावातले लोक हॉलिवूडहून आलेल्या पाहुण्यांसाठी मार खात नव्हते. ते स्वतःच्या गोष्टीसाठी उभे होते.

दुसरा निर्णय : पडद्यावर कोण

नायिका एस्पेरान्साच्या भूमिकेसाठी आधी गेल सॉन्डरगार्डचा विचार होता, आणि नायकासाठीही गोऱ्या नटाचा. काळ्या यादीतल्या कलाकारांना काम द्यायचं, हा कंपनीचा उद्देशच होता. पण मेक्सिकन-अमेरिकन माणसांच्या चित्रपटात मुख्य पात्रं गोऱ्या नटांनी करायची, हे त्यांनाच पटेना. दोन्ही कल्पना सोडून दिल्या. नायिका म्हणून मेक्सिकोची अभिनेत्री रोसाउरा रेवुएल्तास आली. गावातल्या शेरीफची भूमिका यादीतल्याच विल गीअरने केली.

नायकासाठी योग्य नट मिळेना. हुआन चाकोन हा शाखा ८९०चा नवा अध्यक्ष, खाणकामगार, कधी अभिनय न केलेला. बायबरमनला तो फार सौम्य वाटला. रेवुएल्तास आणि बायबरमनची भावजय यांनी हट्ट धरला की हाच घ्या. शेवटी त्याला घेतलं, आणि आज पाहताना कळतं की त्याच्या आवाजातला संकोच आणि मानेचा ताठा कोणत्याही नटाला आणता आला नसता.

तंत्रज्ञ मिळवणं याहून अवघड होतं. आयाट्सीचे सदस्य येणार नव्हते. यादीतले, माहितीपटांतले आणि वर्णामुळे त्या संघटनेने ज्यांना दारात उभं केलं नव्हतं असे काही कृष्णवर्णीय तंत्रज्ञ मिळून चमू जमला.

हल्ला

जानेवारी १९५३ मध्ये सिल्व्हर सिटीजवळ चित्रीकरण सुरू झालं. पहिले काही आठवडे शांततेत गेले. फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या, आणि एका स्तंभलेखकाने हे चित्रीकरण लॉस अलामोसच्या अणुकेंद्राच्या जवळ चाललं असल्याचं सूचित केलं. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. २४ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी डोनाल्ड जॅक्सन यांनी सभागृहात भाषण केलं आणि न पाहिलेला, अजून पूर्णही न झालेला चित्रपट रशियाच्या हातातलं शस्त्र ठरवला.

त्यानंतर दोनच दिवसांच्या आत इमिग्रेशनचे अधिकारी आले आणि रेवुएल्तासला घेऊन गेले. तिच्या पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का नव्हता. सीमेवर तो मारायचा होता अधिकाऱ्यांनी, पण जबाबदार ठरली ती. तिला एल पासोला नजरकैदेत ठेवलं, आणि शेवटी तिला मेक्सिकोला परतावं लागलं. नायिकेशिवाय उरलेली दृश्यं काढायची होती. काही ठिकाणी पाठमोरी दुसरी बाई उभी केली. काही दृश्यं आणि निवेदन नंतर मेक्सिकोत, पुढच्या एखाद्या चित्रपटाची चाचणी असल्याचं सांगून, चित्रित आणि ध्वनिमुद्रित करावं लागलं.

मार्चच्या सुरुवातीला स्थानिक जमावाने चित्रीकरण बंद पाडण्याचा प्रयत्न केला. मारहाण झाली. निघून जा, नाहीतर काळ्या पेट्यांतून जाल, अशी धमकी देण्यात आली. जेंक्सच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. राज्य पोलिसांच्या बंदोबस्तात उरलेलं काम उरकलं.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. चित्रीकरण चालू असतानाच प्रयोगशाळेने फिल्म धुण्यास नकार दिला होता. रोज काढलेलं रोज पाहता येतं म्हणून दिग्दर्शकाला कळतं की प्रकाश बरोबर होता का, ध्वनी आला का, एखादं दृश्य पुन्हा घ्यायचं का. बायबरमनने पुष्कळ भाग असा अंधारात काढला. चुकलं असतं तरी समजलं नसतं, आणि परत जाऊन घेण्याची सोय नव्हती.

ह्यूजचं पत्र

१८ मार्च १९५३ला हॉवर्ड ह्यूजने प्रतिनिधी जॅक्सनना पत्र लिहिलं. हे पत्र मी या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज मानतो. हा चित्रपट थांबवता येईल का, या प्रश्नाला त्यात होकारार्थी उत्तर होतं, आणि मग पायरी-पायरीने पद्धत सांगितली होती. चित्रीकरण झालं म्हणजे चित्रपट झाला नाही. फिल्म धुवायची असते, संकलन करायचं असतं, संगीत मुद्रित करायचं असतं, ध्वनिमिश्रण करायचं असतं, प्रिंट काढायच्या असतात. यातल्या प्रत्येक पायरीवरच्या लोकांनी सहकार्य नाकारलं, आणि उरलेलं काम करायला निगेटिव्ह परदेशी जाऊ दिलं नाही, तर चित्रपट पुरा होणार नाही.

पत्रात हिंसेचा शब्द नाही, कायदा मोडण्याचा सल्ला नाही. प्रयोगशाळेच्या मालकाने एक काम नाकारायचं, ध्वनिमुद्रकाने त्या दिवशी वेळ नसल्याचं सांगायचं, एवढंच. प्रत्येकाची कृती लहान, प्रत्येकाला आपण फारसं काही केलं नाही असं वाटावं इतकी लहान. हे पत्र गुप्त राहिलं नाही. ते काँग्रेसच्या नोंदींत छापलं गेलं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

लपूनछपून पूर्ण केलेलं काम

जारिको प्रयोगशाळा पालथ्या घालत फिरला. फिल्म थोडी थोडी करून, वेगवेगळ्या खोट्या नावांनी धुऊन घेतली. संकलनाची जागा सतत बदलावी लागली. एका टप्प्यावर दक्षिण पॅसाडेनातल्या एका बंद थिएटरच्या बायकांच्या प्रसाधनगृहात काम चाललं. संकलकांपैकी एक जण एफबीआयला माहिती पुरवत होता, हे नंतर उघड झालं. संगीतकार सोल कॅप्लानचं संगीत मुद्रित करतानाही चित्रपटाचं खरं नाव सांगता आलं नाही.

सायमन लाझारसलाही समितीपुढे बोलावलं गेलं. त्याने कोणाची नावं दिली नाहीत. वर्षभरात चित्रपट पूर्ण झाला. ह्यूजची यादी वाचून पाहिली तर तिच्यातली प्रत्येक पायरी या लोकांनी ओलांडली होती. फक्त त्या यादीत नसलेली एक पायरी उरली.

प्रदर्शन : इथे लपता येत नाही

फिल्म खोट्या नावाने धुता येते, पण चित्रपट खोट्या नावाने लावता येत नाही. त्याची जाहिरात करावी लागते, तारीख सांगावी लागते, म्हणजे अडवणाऱ्यालाही ती आधीच कळते.

१४ मार्च १९५४ला न्यूयॉर्कच्या ८६व्या रस्त्यावरच्या ग्रँड थिएटरमध्ये चित्रपट लागला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरने अनुकूल लिहिलं. प्रतिकूल लिहिणारेही होते. पॉलीन केलने त्याला उघडउघड कम्युनिस्ट प्रचार म्हटलं. तशी टीका व्हायलाच हवी, चित्रपट पाहून केलेली टीका हा समीक्षकाचा हक्क आहे. पण न्यूयॉर्कबाहेरच्या बहुतेक प्रेक्षकांना स्वतः पाहून मत बनवण्याची संधीच मिळाली नाही. प्रोजेक्टर चालवणारे आयाट्सीचे सदस्य होते. थिएटरमालक तयार झाला तरी यंत्र चालवायला माणूस येत नसे. शिकागोत तेच झालं. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली. वर्तमानपत्रांनी जाहिराती नाकारल्या. करार झालेल्या मालकांनीही माघार घेतली.

परदेशात चित्र वेगळं होतं. चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोवी व्हारी महोत्सवात त्याला त्याच वर्षी सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पॅरिसमध्ये गौरव झाला. पण सोव्हिएत गटातल्या पुरस्काराने अमेरिकेत संशय आणखी बळावला.

परिणाम

कंपनीचा हा एकच चित्रपट. सुमारे अडीच लाख डॉलर घातलेले, बहुतेक उसने, परत आले नाहीत.

क्लिंटन जेंक्सला एप्रिल १९५३ मध्ये अटक झाली. आपण कम्युनिस्ट नाही हे प्रतिज्ञापत्र खोटं दिल्याचा आरोप होता आणि शिक्षाही झाली. साक्षीदारांपैकी हार्वी मॅट्युसो हा सरकारचा पगारी खबऱ्या होता. त्याने पुढे आपण खोटं बोललो असं कबूल केलं. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि खबऱ्याने सरकारला आधी दिलेले जबाब आरोपीला पाहायला मिळाले पाहिजेत असं ठरवलं. त्यातून आलेला कायदा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. या अख्ख्या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ विजय, माझ्या मते, एका कामगार कार्यकर्त्याच्या खटल्यातून आला.

रेवुएल्तासला अमेरिकेत पुन्हा काम मिळालं नाही, आणि तिच्या देशातही दारं बंद झाली. बाकीच्यांवर निदान ज्या पक्षाचा ठपका होता त्याच्याशी त्यांचा संबंध होता. तिने फक्त एक भूमिका केली होती. विल्सनने नावाशिवाय लिहिलेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेला ऑस्कर मिळालं ते दुसऱ्याच्याच नावावर. १९८४ मध्ये अकादमीने ते त्याच्या नावे केलं तेव्हा तो हयात नव्हता. २७ ऑक्टोबर १९९७ला हॉलिवूडच्या संघटनांनी काळ्या यादीच्या पन्नासाव्या वर्षी जाहीर माफी मागितली. जारिको त्या समारंभाला हजर होता. दुसऱ्या दिवशी मोटार अपघातात तो गेला.

काय वेगळं करता आलं असतं

रेवुएल्तासची कागदपत्रं पहिल्याच दिवशी वकिलाकडून तपासून घ्यायला हवी होती. ब्रूअरने धमकी दिलेली असताना सरकारी यंत्रणा बारीक चूक शोधणार, हे ओळखता आलं असतं. तिची सगळी महत्त्वाची दृश्यं आधी उरकून घेणंही शक्य होतं.

वितरणाची बाजू याहून मोठी. थिएटर हाच एक मार्ग धरल्यामुळे ते प्रोजेक्शनिस्टच्या नकारावर येऊन थांबले. १६ मिलिमीटरच्या प्रिंट आणि कामगार संघटना, चर्च, विद्यापीठं यांची सभागृहं यांतून समांतर जाळं उभं करता आलं असतं. पुढे १९६० आणि ७०च्या दशकांत विद्यापीठांत, स्त्रीवादी आणि चिकानो (मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांच्या) चळवळींच्या बैठकांत हा चित्रपट नेमका असाच पसरला. १९५४ मध्ये एवढी सभागृहं उघडी नव्हती हे खरं, आणि कर्ज फेडायला तिकीटविक्रीच लागणार होती हेही खरं. पण दोन्ही वाटा एकत्र चालवायला हरकत नव्हती.

सर्वांत अवघड निर्णय न्यायालयाचा. १९५६ मध्ये कंपनीने स्टुडिओ, आयाट्सी आणि इतरांवर संगनमताने व्यवसाय अडवल्याचा दावा लावला. आठ वर्षं गेली. मध्ये कंपनीच्या लोकांनी पक्षसदस्यत्वाच्या प्रश्नाला उत्तर नाकारलं म्हणून दावा फेटाळला गेला होता. अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. १९६४ मध्ये ज्युरीने निकाल विरोधात दिला.

ह्यूजचं पत्र मार्च १९५३ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होतं. संगनमताचा इतका उघड पुरावा फार थोड्या दाव्यांत मिळतो. त्याच वर्षी, चित्रपट संकलनात असताना, प्रयोगशाळा आणि संघटनेविरुद्ध मनाई हुकूम मागता आला असता. तो मिळाला असता असं मी म्हणणार नाही. कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या ऐन भरातलं ते वर्ष होतं. न्यायालयात गेलं की शपथेवर तोच प्रश्न येणार, आणि काम लपूनछपून चालू असताना प्रयोगशाळांची नावं उघडी पडणार, म्हणून ते तेव्हा गेले नसावेत. ती भीती रास्त होती. पण तो प्रश्न तीन वर्षांनी आलाच, उत्तर नाकारण्याची किंमतही मोजावी लागली, आणि तोवर वाचवण्यासारखं प्रदर्शन उरलं नव्हतं. १९५३ मध्ये दावा हरले असते तरी पुढच्या प्रत्येक नकाराची न्यायालयात नोंद झाली असती, आणि शिकागोच्या त्या थिएटरमालकाला माघार घेण्याआधी किंवा प्रोजेक्शनिस्टला घरी बसण्याआधी स्वतःच्या वकिलाला विचारावं लागलं असतं.